रेडिएटर घेताना चिठ्ठी नीट वाचा



उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी शेजारच्या वहिनी हातात दोन चिठ्ठ्या घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हिशेबातले माणूस. यातला कोणता रेडिएटर घ्यायचा ते तेवढं सांगा."

त्यांच्या घरी जुनी पिकअप आहे. दादा भिवंडीहून नाशिकला माल नेतात आणि येताना मिळेल ते भाडे आणतात. गाडीचा हप्ता फिटला आहे, पण मुलीची फी, सासूबाईंचे औषध आणि खोलीचे भाडे त्याच चार चाकांवर चालते. ती गाडी कसारा घाटात तिसऱ्यांदा तापून उभी राहिली होती.

मी मेकॅनिक नव्हे, साधा कारकून. पण कागदावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही हे पाहण्यातच माझी हयात चालली आहे. दोन्ही चिठ्ठ्यांवर "रेडिएटर नग 1" आणि पुढे रक्कम, एवढेच होते. गाडी कोणत्या सालची, इंजिन कोणते, माल तांब्या-पितळेचा की ॲल्युमिनियमचा, वॉरंटी किती, यांपैकी एका गोष्टीचाही पत्ता नव्हता. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदलते, एसीवाल्या गाडीचा रेडिएटर वेगळा असू शकतो. म्हणून दुकानात जाताना आरसी बुकाची झेरॉक्स न्यावी आणि चासी नंबर, इंजिन नंबर दाखवूनच माल मागावा.

चौकशी केली तेव्हा कळले की सहा महिन्यांपूर्वी एकदा रेडिएटर बदलून झाला होता. जुन्या बाजारातून, नजरेच्या मापाने. "बसतो बसतो" म्हणून बसवला होता. आम्ही तिघे ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने बॉनेट उघडले आणि दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक, खालच्या पाण्याचे तोंड थोडे बाजूला होते, त्यामुळे होज पाईप ओढून, मुरगळून लावला होता. दुसरी, पंख्याभोवतीचे गोल कव्हर बसवायला त्या रेडिएटरला भोकेच नव्हती, म्हणून ते काढून ठेवले होते. सपाट रस्त्यावर गाडी पळते तेव्हा समोरून वारा आपोआप मिळतो. घाटात भरल्या गाडीचा वेग कमी आणि इंजिनावर ताण जास्त; तिथे सगळी भिस्त पंख्यावर. कव्हर नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची ओढतो. गाडी हायवेवर ठीक आणि नेमकी घाटातच का तापते, याचे उत्तर मिळाले.

दादांचा विचार होता की या वेळी जाड जाळीचा, मोठा घ्यावा, म्हणजे जास्त गार राहील. मिस्त्री हसला. जाळी जाड झाली की ती पंख्याला घासू शकते, आणि तिच्यातून हवा ओढणेही जड जाते. कंपनीने दिलेल्या मापाची जाळी स्वच्छ असेल तर ती पुरते.

शिवाय दोष रेडिएटरचाच आहे ना, हे आधी पाहावे लागते. बेल्ट सैल असेल, वॉटर पंप गळत असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल तरी काटा चढतो. गार इंजिनावर झाकण काढून गाडी चालू केली आणि पाण्यात सारखे बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटची शंका धरावी. मग नवा रेडिएटर घालून उपयोग नाही. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने इंजिन लवकर तापत नाही, डिझेल मात्र जास्त खाते आणि झीज होते.

आता मुद्दा आला तांबे की ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा हलका असतो, नव्या गाड्यांत तोच येतो आणि काम चोख करतो. पण त्याच्या प्लास्टिकच्या टाक्यांना चीर गेली की बहुधा सगळाच बदलावा लागतो. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाख लावता येते, टाक्या ठेवून नुसता कोअरही बदलता येतो. एवढे ऐकले आणि वहिनी म्हणाल्या, "आपला पहिला घरीच आहे की! दुकानदार ठेवा म्हणत होता, मी पलंगाखाली आणून टाकला."

मला सांगायला आनंद वाटतो की गणित तिथेच सुटले. जुन्या रेडिएटरच्या पितळी टाक्या धड होत्या. त्याची तोंडे, त्याचे ब्रॅकेट, कव्हरची भोके सगळे त्याच गाडीचे. फक्त जाळीच्या नळ्या बुजल्या होत्या. बोअरच्या पाण्याचा क्षार, आणि गळती थांबावी म्हणून वेळोवेळी टाकलेली हळद! हा उपाय आपल्याकडे सर्रास करतात. भोक बुजते खरे, पण बारीक नळ्याही बुजतात. कोअर बदलण्याचा खर्च लहान चिठ्ठीपेक्षा थोडा जास्त आणि मोठीपेक्षा बराच कमी आला. तोंडे बंद करून आत हवा भरली, पाण्याच्या टाकीत बुडवले आणि बुडबुडा येत नाही हे आम्ही समोर उभे राहून पाहिले. तुम्हीही पाहावे, लाजू नये.

झाकणही नवे घेतले. ते कुकरच्या शिट्टीसारखे असते, ठरलेला दाब धरून ठेवते. त्यावर आकडा कोरलेला असतो. 0.9 दाब असेल तर पाणी 100 ऐवजी साधारण 118 अंशांवर उकळते. कंपनीचा आकडा असेल तोच घ्यावा. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीही उघडू नये, उकळते पाणी सरळ तोंडावर येते. आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात भरले. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते, म्हणून उरलेला डबा वहिनींनी मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला.

जुन्या बाजारातला रेडिएटर भंगारात गेला. या वेळी बिलावर गाडीचे साल, इंजिन नंबर, कोअरचा प्रकार आणि वॉरंटीची तारीख लिहून घेतली. आठवड्याने दादांचा इगतपुरीहून फोन आला. माल भरलेला होता, दुपारचे दोन वाजले होते आणि काटा मधल्या खुणेच्या वर गेला नव्हता.