शेजाऱ्यांनी विचारायचे नाही तर कुणी?



बांधकामाला महापालिकेची परवानगी असली की शेजाऱ्यांना बोलायचा अधिकार उरत नाही, हे आपल्या वृत्तपत्रात छापलेल्या पत्रातले म्हणणे मुळीच मान्य होण्यासारखे नाही. उडुपीच्या चित्रपटगृहाच्या खटल्यात 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने नियोजन डावलून दिलेली परवानगी बेकायदा ठरवली. दाद मागणारा त्याच भागातला रहिवासी होता.

कोल्हापुरात तर पुरामुळे हा जिवाचा प्रश्न आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे नदी आणि निळी पूररेषा यांमध्ये नव्या इमारतीला मनाई आहे; निळ्या व त्यापलीकडच्या लाल पूररेषेदरम्यान बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान 0.45 मीटर उंच हवे. त्यासाठी भराव पडला की पंचगंगेचे पाणी शेजारच्या बैठ्या घराकडे वळते. 2019 आणि 2021 चे पूर सोसलेल्या शाहूपुरी, दुधाळीतल्या माणसांनी हे मुकाट पाहायचे?

मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. नकाशाबाहेर काम दिसले, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली नोटीस काढा, अशी लेखी मागणी महापालिकेकडे करावी आणि पोच घ्यावी. तरीही दखल घेतली नाही, तर ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. मुंबईचे हेलपाटे आता नाहीत.

– एक घरमालक, कोल्हापूर