दोरीला धाप लागत नाही

डोंगर कसा चढावा याविषयी आपल्याकडे जितकी मतं आहेत, तितके डोंगर सबंध सह्याद्रीत नाहीत. त्यातलं सर्वांत ठणठणीत मत असं, की डोंगर पायांनीच चढावा. घाम न गाळता वर पोचलेल्या माणसाला तिथली हवा खाण्याचा नैतिक अधिकार नाही. हे मत मांडणाऱ्यांत दोन जाती असतात. एक, ज्यांचं वय अजून तिशीच्या आत आहे असे. आणि दुसरी, साठी उलटूनही ज्यांचे गुडघे शाबूत राहिले आहेत असे. पहिल्यांना काळ समजावतो. दुसऱ्यांना कोणीच समजावू शकत नाही.

आमच्या बँकेच्या शाखेत असे एक ट्रेकवीर आहेत. दर सोमवारी ते लंगडत कामावर येतात आणि लोकांनी कारण विचारीपर्यंत लंगडत राहतात. मी इटलीतल्या कोमो शहरातून ब्रुनाते नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या गावी दोरीच्या रेल्वेनं सात मिनिटांत गेलो, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही ते गाव पाहिलंच नाही म्हणा ना!" जेवणाच्या सुट्टीत या वाक्याला पुरेसं उत्तर देता येत नाही. अर्धा वेळ डबा उघडण्यात आणि उरलेला दुसऱ्याच्या डब्यातली भाजी चाखण्यात जातो. म्हणून इथे सविस्तर देतो आहे.

इटलीला मी काही जहागिरीच्या उत्पन्नावर गेलो नव्हतो. मेहुणा मिलानला नोकरीला आहे. "दाजी, तिकिटाचं तेवढं बघा, राहण्याखाण्याचं माझ्याकडे," असं त्यानं म्हटलं आणि मी, आमची ही आणि चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई असे तिघे निघालो. आईचे दोन्ही गुडघे केव्हाच निवृत्त झाले आहेत, फक्त त्यांना पेन्शन नाही. साताऱ्यात जन्म गेला, पण गेली अकरा वर्षं तिला सज्जनगड झालेला नाही. गाडी जिथे थांबते तिथून पुढे पायऱ्या आहेत. ती गाडीतूनच हात जोडते आणि "पोचलं असेल" म्हणते.

मिलानहून आगगाडीनं तासाभरात कोमो येतं. समोर आल्प्सच्या पायथ्याशी पसरलेला तलाव, नकाशात उलटा धरलेला इंग्रजी वाय वाटावा असा, आणि चारशे मीटरहून अधिक खोल. त्याच्या काठावरून थेट डोंगराच्या अंगावर चढणारे रूळ दिसतात. वर सुमारे सातशे पंधरा मीटर उंचीवर, जेमतेम दीड-दोन हजार वस्तीचं ब्रुनाते. तलावापासूनची चढण साधारण पाचशे मीटरची, आणि रुळांची लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त. कुठे कुठे चढ असा, की शंभर मीटर पुढे जाताना पंचावन्न मीटर वर जावं. डब्याची जमीनच पायऱ्यापायऱ्यांची केलेली आहे, त्यामुळे आत बसणारा माणूस सरळ बसतो आणि बाहेरचं जग तेवढं तिरपं होतं. आधी एक बोगदा लागतो, मग झाडी, मग कौलारू घरं, आणि मग मान वळवली की आपण मघाशी जिथे उभे होतो ते शहर, मोठ्या चर्चचा घुमट आणि पाण्यावरच्या बोटी, सगळं खेळण्यासारखं खाली पडलेलं असतं. आई काचेला नाक लावून बसली होती. सात मिनिटांत ती एकदाही 'गुडघा' हा शब्द उच्चारली नाही. ट्रेकवीरांच्या हिशेबात या गोष्टीला काही किंमत आहे का?

आता यंत्राकडे वळतो, कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि हे यंत्र वाणिज्य शाखेचंच आहे. 'फ्युनिक्युलर' हा शब्द लॅटिनमधल्या बारीक दोरी अशा अर्थाच्या शब्दावरून आला आहे. एकाच तारदोराच्या दोन टोकांना दोन डबे बांधलेले असतात आणि दोर वरच्या स्थानकातल्या चक्रावरून फिरतो. एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला ओढतं. मोटारीनं भरून काढायचा तो फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा, आणि फरक राहिला तर तो मोटार आपल्या अंगावर घेते, जसा दिवसअखेर न जुळणारा आकडा आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. मार्ग एकेरी असतो. बरोबर मध्यावर रूळ दुभंगतात आणि दोन डबे एकमेकांना सलाम करून जातात. प्रत्येक डब्याच्या एका बाजूच्या चाकांना दोन्हीकडे कडा असतात, दुसऱ्या बाजूची चाकं सपाट असतात. त्यामुळे प्रत्येक डबा दर वेळी न चुकता आपल्याच बाजूला वळतो. सांधेवाला नाही, हुकूम नाही, वरिष्ठांची सही नाही. आमच्या शाखेत अशी शिस्त आणायला परिपत्रकं काढावी लागतात.

आणि योगायोग बघा. लुका पाचोली या इटालियन धर्मगुरूनं दुहेरी जमाखर्चाची पद्धत मांडणारं पुस्तक व्हेनिसमध्ये छापलं १४९४ साली. ब्रुनातेची ही दोरगाडी सुरू झाली १८९४ साली. बरोबर चारशे वर्षांनी त्याच देशानं तोच हिशेब डोंगरावर उभा केला. सुरुवातीला ती वाफेवर चालायची, १९११ साली विजेवर गेली. ज्या अलेस्सांद्रो व्होल्टानं जगाला पहिली बॅटरी दिली, तो याच कोमोचा. ब्रुनातेच्याही वर, सान माउरिझिओला, त्याच्या मृत्यूच्या शताब्दीला म्हणजे १९२७ साली बांधलेला दीपस्तंभ आहे. समुद्र नसताना दीपस्तंभ! हा गृहस्थ एके काळी इटलीच्या दहा हजार लिरांच्या नोटेवर होता. लिरा गेली, युरो आला, नोटेवरून माणूस उतरला. पण त्याच्या नावाचे व्होल्ट अजून आईसारख्या म्हाताऱ्यांना डोंगरावर नेताहेत. माणसाचं स्मारक असावं तर असं.

ट्रेकवीरांचा पहिला मुद्दा: "घामाशिवाय दृश्याला चव येत नाही." मान्य. उपाशी माणसाला भाकरी गोड लागते, पण म्हणून खानावळीच्या दारात कोणी 'आधी दोन दिवस उपास करून या' अशी पाटी लावत नाही. ज्यांना चव वाढवायची आहे त्यांच्यासाठी कोमोहून ब्रुनातेला जुनी खेचरांची पायवाट आजही आहे. दोरगाडीनं ती बुजवलेली नाही. पायवाटेनं येणाऱ्याला गाडीत कोंबत नाहीत. मग गाडीनं येणाऱ्याला पायवाटेवर का ढकलायचं?

दुसरा मुद्दा: "आपले पूर्वज असे चढले का?" शाळेत आपण सर्वांनी तानाजीचा सिंहगड वाचला आहे. तिथे कडा कसा चढले? दोरानं! दोरावर बहिष्कार घालावा असं त्या वेळी कोणाला सुचलं नव्हतं.

तिसरा मुद्दा खरा आहे, आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही: "सोय झाली की गर्दी होते, आणि गर्दीनं डोंगर नासतो." उन्हाळ्यात कोमोला या गाडीसाठी लांबलचक रांग लागते, हे मी त्यात उभा राहून पाहिलं आहे. पण डोंगर नासतो तो कशानं? ब्रुनातेला वळणावळणाचा मोटाररस्ताही आहे. आम्ही सारे जण आपापली चारचाकी घेऊन त्यावरून गेलो असतो, तर त्या एवढ्याशा गावात माणसांना उभं राहायला जागा उरली नसती. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणी मे महिन्यातल्या शनिवारी जाऊन या, मग मी काय म्हणतो ते कळेल. तिथे देखावा म्हणजे पुढच्या गाडीचा मागचा नंबर. दोरगाडी माणसं मोजून आणते, मोजून नेते, आणि वर गेल्यावर पार्किंगला जागा मागत नाही. शिवाय ती नुसती पाहुण्यांची गाडी नाही. आमच्या डब्यात एक बाई भाजीची पिशवी घेऊन बसली होती आणि दोन पोरं दप्तरं घेऊन उभ्या उभ्या भांडत होती. खिडकीबाहेर त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ज्या गाडीत नेहमीचा माणूस खिडकीबाहेर बघत नाही, ती गाडी गावाची असते.

आता माझा मुद्दा. घाम, घाम म्हणून ज्याचा एवढा गौरव चालला आहे, तो कोणाचा? आपल्याकडे ज्यांना चढवत नाही ते डोंगरावर जात नाहीत असं थोडंच आहे? ते जातात. दुसऱ्याच्या खांद्यावरून जातात. गिरनारला दत्ताच्या पादुकांसाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा. तिथे डोलीचा दर वजनावर ठरतो. माणसाला काट्यावर चढवतात आणि मग दुसऱ्या माणसांच्या खांद्यावर. माथेरानला मोटारी येऊ द्यायच्या नाहीत म्हणून आपण अभिमानानं सांगत आलो, आणि तो अभिमान योग्यच आहे. पण त्याच माथेरानात माणूस बसायचा आणि माणूसच ओढायचा अशा हातरिक्षा चालत राहिल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की सहा महिन्यांत हे बंद करा आणि ओढणाऱ्यांच्या पोटाचीही सोय बघा. स्वातंत्र्याला अठ्ठ्याहत्तर वर्षं होत असताना! निसर्ग शुद्ध राहिला, पण कोणाच्या छातीच्या भात्यावर? डोलीवाल्याची धाप कानाशी ऐकत वर जाणाऱ्या म्हातारीला देव दिसत असेल. मला तरी दिसला नसता. माझ्या आईनं डोली दोनदा नाकारली आहे. "एवढं पाप करून कसला देव?" असं म्हणाली.

तारदोराला धाप लागत नाही. तो वजन विचारत नाही, वय विचारत नाही. रायगडाला १९९६ साली रोप-वे झाला म्हणून गडाची उंची एका बोटानंही कमी झाली नाही. वणीच्या सप्तशृंगीला २०१८ साली फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, आणि वर्षानुवर्षं पहिल्या पायरीवरूनच नमस्कार करणारे म्हातारे-म्हाताऱ्या देवीसमोर जाऊन उभे राहिले. पायऱ्या तिथेच आहेत. ज्यांचा नवस पायऱ्यांचा आहे त्यांनी खुशाल चढाव्यात.

प्रत्येक टेकडीला दोर बांधा असं माझं म्हणणं नाही. काही डोंगर पायांसाठीच राहू द्यावेत, काही तर पायांपासूनही वाचवावेत. पण जिथे गाव आहे, देव आहे, किंवा आपल्या शाळेच्या पुस्तकातला इतिहास आहे, तिथे वर जाण्याची वाट फक्त मांड्यांच्या ताकदीवर ठरू नये. बँकेत आम्ही ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी ठेवतो, तेव्हा 'रांगेत उभं राहिल्याशिवाय पैशाला किंमत येत नाही' असं कोणी म्हणत नाही. डोंगराच्या काउंटरला मात्र हा नियम आपण लावतो, आणि लावणारे आपण सगळे धडधाकट असतो.

तेव्हा ट्रेकवीरांनी चढावं, लंगडावं, सोमवारी मिरवावं. माझी त्याला हरकत नाही. फक्त वर पोचल्यावर, शेजारच्या बाकावर एखादी म्हातारी पदर सावरत निवांत बसलेली दिसली, तर तिला 'तुम्ही कशा आलात?' असं विचारू नये. 'कसं वाटतंय?' एवढंच विचारावं. आणि ती सांगत असताना, धाप लागलेली असेल तर, जरा गप्प बसून ऐकावं.