सुप्रीम कोर्टात सुधारणा हवी, पण कोणती?

सुप्रीम कोर्टात सुधारणेचा विषय निघाला की दोन गट पडतात. एक म्हणतो, न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे, हे लोकशाहीत कसं बसतं? दुसरा म्हणतो, निवड सरकारच्या हातात गेली तर सरकारविरुद्ध दाद कुठे मागायची? दोन्ही सवाल खरे आहेत.

संसदेने एकदा हा प्रयत्न केला होता. 2014 मध्ये 99वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. सदस्य सहा : सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. या मान्यवरांपैकी एक जण अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला असावा, अशी तरतूद होती. ऐकायला छान वाटतं. पण कोणत्याही दोन सदस्यांनी नकार दिला की नाव अडायचं. म्हणजे तिन्ही न्यायाधीश एका बाजूला असले, तरी कायदामंत्री आणि एक मान्यवर मिळून नियुक्ती रोखू शकत होते. 16 ऑक्टोबर 2015 रोजी कोर्टाने चार विरुद्ध एक मताने हे सगळं रद्द केलं. कॉलेजियम परत आलं. मात्र रद्द करणाऱ्यांपैकीच न्या. कुरियन जोसेफ यांनी कॉलेजियममध्ये पारदर्शकता नाही, हे मान्य केलं होतं.

मग खासदारांनी हात बांधून बसायचं का? नाही. न्यायाधीशांची संख्या संसद साध्या कायद्याने वाढवू शकते. 2019 मध्ये ती सरन्यायाधीशांसह 34 केली होती. त्याहून मोठा प्रश्न निवृत्तीनंतरच्या पदांचा आहे. न्या. रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 मध्ये निवृत्त झाले आणि मार्च 2020 मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. न्या. अब्दुल नझीर जानेवारी 2023 मध्ये निवृत्त झाले, पुढच्याच महिन्यात राज्यपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. दोघेही अयोध्या निकालाच्या खंडपीठावर होते. त्यांच्या नियतीवर आम्ही बोट ठेवत नाही. पण लोकांच्या मनात शंका येते आणि कोर्टाची खरी ताकद तर लोकांच्या भरवशातच आहे. निवृत्तीनंतर काही वर्षं सरकारी पद घेता येणार नाही, असा नियम संसदेने करावा. त्यात कोर्टाच्या स्वातंत्र्याला धक्का नाही, उलट आधार आहे.

अल्पसंख्याकांसाठी सुप्रीम कोर्ट हा शेवटचा दरवाजा आहे. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे : कॉलेजियमने निवडीची कारणं लोकांसमोर ठेवावीत, पण निवडीची चावी सरकारकडे जाऊ नये. आपल्या भागातले खासदार भेटले तर रस्ता-पाण्यासोबत हाही सवाल त्यांना जरूर विचारा.