गणितात न धरलेला एक तास



मुंबईचा विमानतळ बेटावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? साष्टी बेट खाड्यांमुळे मुख्य भूमीपासून वेगळे झाले आहे, आणि सांताक्रूझ व सहारचा विमानतळ त्याच बेटावर आहे. दुसरे बेट घेऊ मॉरिशस. १९ व्या शतकात कोकणातून मजुरीसाठी जहाजाने गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तेथे राहतात. या दोन विमानतळांमधील अंतर किती असेल?

नकाशा उघडा. मुंबई सुमारे १९ अंश उत्तरेस, तर मॉरिशस साडेवीस अंश दक्षिणेस. एका अंशाला १११ कि.मी. धरले, तर उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४,३८५ कि.मी. भरते. रेखांशांतील फरक १५.२ अंशांचा, विषुववृत्ताच्या आसपास त्याचे सुमारे १,६८७ कि.मी. होतात. आता पायथागोरसचे प्रमेय लावा. उत्तर येईल सुमारे ४,७०० कि.मी. ताशी ८५० कि.मी. वेगाने हे अंतर कापायला साडेपाच तास लागतील.

बीड जिल्ह्यातील आमच्या कॉलेजात मी हे गणित फळ्यावर सोडवले, तेव्हा एक मुलगा उभा राहिला. "सर, ऊसतोडीला जाताना अंतर भागिले वेग केले की आमच्या ट्रॅक्टरची वेळ कधीच जुळत नाही. थांबे, चढ, ओझे हे कुठे धरले?" मी म्हणालो, "गणित ते गणित. खाली बस."

चूक माझी होती. विमानही धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, उंची गाठेपर्यंत कमी वेगाने उडते, उतरताना वेग कमी करते, वाऱ्याशी झुंजते, आखून दिलेल्या वाटेनेच जाते. त्यामुळे साडेपाचाचे सहज साडेसहा तास होतात.

आणखी एक गंमत पहा. समजा, विमान मुंबईहून सकाळी ८ वाजता निघाले आणि साडेसहा तासांनी पोहोचले. मॉरिशसच्या घड्याळात तेव्हा दुपारचा १ वाजलेला असेल, म्हणजे प्रवास पाचच तासांचा! परतताना तेथून दुपारी २ ला निघाले, तर मुंबईत रात्रीचे १० वाजतील. आता झाले आठ तास! दोन्हींची बेरीज करून निम्मे करा: साडेसहा तास, हा खरा प्रवास. वजाबाकी करून निम्मे करा: दीड तास, हा घड्याळांतील फरक. मात्र जाताना व येताना सारखाच वेळ लागतो, असे आपण येथे गृहीत धरले आहे.

पण १५.२ अंशांना सूर्य एकच तास घेतो. मग दीड तास कसा? भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, मॉरिशसची ६० अंशांवर. फरक साडेबावीस अंश, प्रत्येकी चार मिनिटे. करा हिशोब.

शिक्षक बंधुभगिनींनो, माझे मत स्पष्ट आहे. भागाकार जरूर शिकवावा, पण "या गणितात काय काय धरलेले नाही?" हा प्रश्नही प्रत्येक उदाहरणाखाली असावा आणि त्याला गुण असावेत. कारखान्याची वाट रात्री मोजत गेलेल्या मुलाला हे उत्तर आपल्याआधी ठाऊक असते. त्याला खाली बसवू नका. भौतिकशास्त्र त्याच्या शंकेपासूनच सुरू होते.