‘असंघटित’ कोणास म्हणावें?

शब्द तोंडीं रुळला म्हणजे त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. ‘असंघटित कामगार’ हा शब्दप्रयोग असाच सर्वतोमुखीं झाला आहे. ‘संघटित’ म्हणजे नीट जोडलेलें, सांधलेलें. तेव्हां ‘असंघटित’ म्हटलें कीं विस्कळित, बेशिस्त असा घोळका डोळ्यांपुढें उभा राहतो. आणि मग ‘या लोकांनीं अगोदर एक व्हावें, हक्क मागाहून मागावे’ असा उपदेश करण्यास आपण सारे मोकळे होतों!

परंतु घाऊक बाजारांत ज्यांनीं हमालांची टोळी काम करतांना पाहिली आहे, त्यांस हा अर्थ पटेल काय? पोतें कोणीं उचलून द्यावें, कोणीं वाहावें, कोणीं थप्पी लावावी, हें तेथें न बोलतां ठरलेलें असतें. इतकी घडी आमच्या कित्येक नगरपालिकांच्या सभांतही दिसत नाहीं.

मग कायदा त्यांस असंघटित कां म्हणतो? 2008 सालच्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यानें असंघटित क्षेत्राची जी व्याख्या केली, तींत कामगारांच्या एकीचा उल्लेखही नव्हता. धंदा व्यक्तीच्या मालकीचा असावा, आणि नोकर असल्यास ते दहांहून कमी असावे, एवढीच कसोटी. म्हणजे आमच्या पेठेंतील जे शेटजी चार गुमास्ते ठेवून चोख वह्या लिहितात, त्यांचें दुकानही असंघटितच! त्यांस कोणीं तसें तोंडावर म्हणून पहावें. शिवाय मोठ्या कारखान्यांतील ज्या मजुरास भविष्यनिर्वाह निधि, विमा, उपदान इत्यादींच्या कायद्यांचें संरक्षण नव्हतें, तोही या कायद्यानें असंघटितांतच धरला होता. अर्थात् हा शब्द मजुराचा स्वभाव सांगत नसून कायद्याचा हात कोठवर पोंचला तें सांगतो.

याचा दाखला महाराष्ट्रांतच आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीनंतर 1969 सालीं माथाडी कायदा झाला. मालक आणि हमाल या दोघांचीही नोंद मंडळाकडे व्हावी, मजुरी मंडळामार्फत मिळावी, आणि मालकाच्या लेव्हींतून निधि, उपदान व औषधपाणी चालावें, अशी योजना त्यानें केली. हमाल पूर्वींचेच होते, टोळ्याही त्याच. सुटी होती ती मालकाची जबाबदारी, आणि कायद्यानें बांधली तीच. लेव्ही कांहीं व्यापाऱ्यांस जड वाटते हें आम्हांस ठाऊक आहे, आणि मंडळांचा कारभार निर्दोष आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. पण घरकामास जाणाऱ्या बाईस किंवा वीटभट्टीवरील मजुरास ‘असंघटित’ म्हणतांना आपण दोष कोणाच्या पदरीं घालतों, याचा विचार व्हावा. कायद्याचें नांव बदलणें आमच्या हातीं नाहीं; वर्तमानपत्रांनीं मात्र, आमच्यासह, यापुढें ‘कायद्याबाहेर राहिलेले कामगार’ असें लिहिण्यास हरकत नसावी.