माफ झालं, फिटलं नाही

ख्रिस्ती माणसाचं बरं असतं. सहा दिवस पाप करावं, रविवारी फादरच्या कानात सांगावं आणि सोमवारी कोरं होऊन बाहेर पडावं. आपल्याला कर्मफळ जन्मोजन्मी चुकत नाही. यांची मात्र दर आठवड्याची लाँड्री. परवा एका विद्वान वक्त्यांनी हे सांगितलं आणि सभागृह खो-खो हसलं. हसणाऱ्यांवर माझा राग नाही. पण दुसऱ्याच्या धर्मावर तासभर बोलायला आलेल्या माणसानं त्या धर्माचं एखादं पुस्तक तरी चाळून यावं!

किरकोळ चुका आधी उरकू. रविवारचं बंधन मिस्साचं, पापनिवेदनाचं नव्हे. ते कॅथलिकांना वर्षातून किमान एकदा, १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून. नगरकडच्या बहुतेक प्रॉटेस्टंटांत फादरच्या कानात सांगण्याची रीतच नाही. आणि पहिला अर्धा तास नरकाची भीती घालतो म्हणून झोडपलेला धर्म दुसऱ्या अर्ध्या तासात फुकट माफी वाटणारा कसा झाला, ते वक्त्यांनाच ठाऊक.

खरा घोटाळा पुढेच आहे. माफीबरोबर परिणामही पुसले जातात, हे त्यांना कुणी सांगितलं? बायबलनं तर नाही. दावीद राजाचंच घ्या. पदरचा शिपाई उरीया लढाईवर असताना यानं त्याची बायको बथशेबा वाड्यावर आणवली. ती गरोदर राहिली, तेव्हा उरीयाला बोलावून घरी धाडायची युक्ती केली. सोबती उघड्यावर असताना मी घरी कसा जाऊ, म्हणून तो इमानी गडी वाड्याच्या दारातच झोपला. मग त्याच्याच हाती सेनापतीला पत्र: याला आघाडीला ठेवा आणि तुम्ही मागे सरा. पुढे नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सुनावलं, राजानं पाप कबूल केलं, आणि देवानं ते दूर केलं असल्याचं नाथाननं तिथंच सांगितलं. लाँड्री इथं संपायला हवी होती. पण मूल दगावलं. थोरल्या अम्नोननं सावत्र बहीण तामारेवर बलात्कार केला. बाप संतापला आणि काहीच केलं नाही. कुठल्या तोंडानं करणार? तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम दोन वर्षं गप्प बसला, मग त्यानं अम्नोनला मारवलं आणि अखेर बापावरच उठला. माफी मिळालेला राजा डोकं झाकून, अनवाणी, रडत जैतुनांचा डोंगर चढताना दिसतो.

आणि तामारेनं काय केलं होतं? काहीच नाही. पाप एकाचं, भोग भलत्याचाच. भोगणारा तोच पापी, असा उलटा हिशेब मांडणारे आम्हा ख्रिस्ती लोकांतही आहेत. गावात पूर आला तो गावाच्या पापानं, असं म्हणणाऱ्या एका प्रवचनकाराशी माझं पूर्वी वाजलं होतं. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली १८ माणसं इतरांहून अधिक पापी होती का? लूकच्या १३व्या अध्यायात येशू सरळ नाही म्हणतो. पुढे पश्चात्तापाचा इशारा आहे, पण तो जिवंत ऐकणाऱ्यांना. प्रवचनकार म्हणाले, संदर्भ वेगळा आहे. अडचणीच्या वचनाचा संदर्भ नेहमीच वेगळा असतो.

मग आमचं म्हणणं काय? थोडकंच आहे. दोष देव उचलतो. केलेलं नुकसान माणसानं भरायचं. १९९२चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ तेच सांगतो: चोरलेलं परत करा, ज्याला बदनाम केलं त्याचं नाव सावरा, इजेची भरपाई द्या. जक्कय जकातदारानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देऊ केली. वसईत भावाची वाडी परस्पर नावावर चढवणाऱ्याचा सातबारा तीन 'नमो मरिया' म्हणून दुरुस्त होत नाही. तलाठ्याकडे जावं लागतं, त्याआधी भावाच्या दारात. आणि सातबारा निदान दुरुस्त तरी होतो. एखाद्या मुलीबद्दल खोटं पसरवून मोडलेलं लग्न कुठल्या कार्यालयात जुळवून मिळतं, ते वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानात सांगावं.