घरच्या पडद्यावर काय बघावे?

"वकीलसाहेब, जयभीम. पोराबाळांसह घरी बसून बघण्यासारखा एखादा सिनेमा सांगा." विहाराच्या दारात, लग्नाच्या मंडपात, कोर्टाच्या व्हरांड्यातसुद्धा हा प्रश्न आम्हाला हल्ली वारंवार विचारला जातो. पूर्वी जयंतीच्या दिवसांत वस्तीत पडदा लागायचा आणि जो सिनेमा लागेल तो सगळे बघायचे. आता मुलुंडच्या झोपडीतल्या पोराच्या मोबाईलवर अख्खे थिएटर आले आहे. पण मोबाईल आपला असला तरी त्यावर काय बघावे, हे ठरवणारे प्रस्थापितच आहेत. 'या आठवड्यात हे बघा' म्हणून जे छापून येते, त्यात आपल्या जगण्याला किती जागा असते, हे वाचकांना ठाऊक आहेच.

म्हणून आमची शिफारस. आमची कसोटी वकिलीची आहे. सिनेमात आपला माणूस स्वतः बोलतो की त्याच्या वतीने दुसराच कोणी बोलतो, एवढेच आम्ही पाहतो.

ही कसोटी आपल्याच उपनगरातल्या एका सिनेमाला लावून बघू. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९३६ साली 'अछूत कन्या' काढला. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य गेटमनची मुलगी आणि ब्राह्मणाचा मुलगा यांचे प्रेम, आणि शेवटी मरते कोण? तीच. रेल्वे अपघात टळावा म्हणून ती जीव देते आणि थिएटर हळहळते. त्याच १९३६ साली, लाहोरच्या मंडळाने परिषद रद्द करून बाबासाहेबांना बोलू दिले नाही, तेव्हा त्यांनी ते भाषण 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या नावाने स्वतः छापले. एकाच वर्षातले हे दोन दस्तऐवज मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवावेत. १९५९ चा बिमल रॉय यांचा 'सुजाता' नूतनच्या अभिनयासाठी जरूर बघावा. पण मानलेल्या आईला रक्त दिल्यावरच ती मुलगी घरची होते, हे लक्षात ठेवून. माणूस ठरण्यासाठी रक्ताची बाटली का भरावी लागते, असा प्रश्न घरातल्या एखाद्या शाळकरी मुलीने विचारला तर तिला गप्प बसवू नका.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' बहुतेकांनी पाहिला असेल. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीमाईंचे चित्र, आणि त्याच भिंतीसमोरून मेलेले डुक्कर खांद्यावर वाहून नेणारा जब्या. तो शेवटी दगड भिरकावतो आणि तो दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'बद्दल वेगळे सांगायला नको. मामुट्टी यांची भूमिका घरोघरी पोहोचली आहे. फक्त तुकडे तुकडे न बघता तो एकदा सलग बघावा.

'कोर्ट' मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि २०१५ साली तो प्रदर्शित झाला. गटारात उतरणारा सफाई कामगार मरतो आणि तुमच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप म्हाताऱ्या लोकशाहिरावर ठेवला जातो. शाहिराच्या भूमिकेत नागपूरचे विद्रोही कार्यकर्ते वीरा साथीदार आहेत. २०२१ साली कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. खालच्या कोर्टाचा असा खरा चेहरा आम्ही दुसऱ्या कोणत्या हिंदी-मराठी सिनेमात पाहिलेला नाही. तिथे टाळ्यांचे डायलॉग नाहीत. तारीख आहे, पुढची तारीख आहे, आणि जुन्या कायद्यांची कलमे एका सुरात वाचणाऱ्या सरकारी वकीलबाई आहेत. (आमच्या काही वकीलमित्रांना तो कंटाळवाणा वाटला. रोजचे काम पडद्यावर बघायला कोणाला आवडते?) मृत कामगाराची पत्नी साक्ष देते, तिथे सिनेमा थांबवा आणि घरातल्यांना कायदा सांगा. गटारात मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपयांची भरपाई ठरवून दिली आणि २०२३ साली ती ३० लाख केली. हे आपल्या किती वस्त्यांत माहीत आहे?

तमिळ 'जय भीम' (२०२१) बघताना पोरे वकिलावर खूश होतात. आम्हालाही तो वकील आवडतो. पण हेबियस कॉर्पसची ती लढाई पोलिसांचे पैसे नाकारणाऱ्या बाईने उभी केली, हे विसरू नये.

आणि आता आमची खरी शिफारस. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत आत्महत्या केली. पटवर्धन चौदा वर्षे या मागावर राहिले आणि २०११ साली सिनेमा पूर्ण झाला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. सिनेमा तो बचाव चित्रफितीच्या आधारे तपासतो. साक्षीपुरावा कसा वाचावा, हे कायद्याच्या विद्यार्थ्याने इथे शिकावे. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयाने जामीन दिला. १९९७ नंतर जन्मलेली आपली मुले आज पदवीधर आहेत, नोकरीला लागली आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना ११ जुलै म्हणजे काय ते सांगावे लागते.

रमाबाई नगराचा पुनर्विकास आता हाती घेतला गेला आहे. पक्की घरे मिळालीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या गल्ल्यांत माणसे पडली त्या गल्ल्या उरणार नाहीत. उंच इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर वाढणाऱ्या नातवाला आजीने काय दाखवायचे? त्या गल्ल्या, ती माणसे, त्यांचे आवाज या सिनेमात आहेत.

सिनेमा तीन तासांचा आहे, एका बैठकीत जमत नसेल तर दोन रविवारी बघा. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनासाठी माणसे जमतातच, तिथेही एक संध्याकाळ ठेवता येईल. त्या सकाळी जे तिथे होते त्यांना पुढच्या रांगेत बसवा, आणि मध्येच कोणी बोलू लागले तर सिनेमा थांबवून त्यांचे ऐका.